कोटाचं हाड, कोंबडीचा पाय

हैदराबादेत नौबत पहाडावर बिर्ला मंदिराला लागूनच विज्ञान संग्रहालय आहे. त्याच्या डायनोसॉर दालनात कोटासॉरस उभा आहे, लांबी ४४ फूट. १९७० च्या दशकाच्या अखेरीला आदिलाबाद जिल्ह्यात यामनपल्लीजवळ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या (जीएसआय) भूवैज्ञानिकांना ८४० हाडं मिळाली, निदान १२ जनावरांची. पी. यादगिरी यांनी १९८८ मध्ये या प्राण्याला शास्त्रीय नाव दिलं. म्हणजे समोर दिसतो तो एक कुणी प्राणी नाही, अनेकांची हाडं जुळवून उभा केलेला एक सांगाडा आहे. कवटी तर एकाचीही सापडली नाही, मिळाले ते दात. डोकं जवळच्या नातलगांवरून ठरवलेलं आहे.

यात फसवणूक काही नाही, जगभर असंच करतात. पण कुठल्याही संग्रहालयात सापडलेलं हाड आणि अनुमानानं बसवलेलं हाड वेगळ्या रंगात दाखवावं, असं मला मनापासून वाटतं. शाळेच्या सहलीतली पोरं लगेच विचारतील, 'हे कशावरून ठरवलं?' तो प्रश्न त्यांना पडायलाच हवा.

*

ज्या गावावरून या खडकांना आणि या प्राण्याला नाव मिळालं ते कोटा महाराष्ट्रात आहे, गडचिरोली जिल्ह्यात, शिरोंच्याजवळ, प्राणहितेच्या डाव्या काठावर. यामनपल्ली पलीकडच्या अंगाला. थर एकच, मधून नदी आणि राज्याची हद्द गेलेली. कोटाच्या चुनखडीतले मासे १८५१ मध्येच लंडनपर्यंत पोहोचून छापून आले होते. आपल्याकडे शाळेत मात्र डायनोसॉर म्हटलं की अमेरिका, नाहीतर मंगोलिया.

या थरांचं वयही वादातलं आहे. मासे पाहणारे म्हणाले, सुरुवातीचं ज्युरासिक. पुढे सूक्ष्म जीवाश्म आणि परागकण तपासणाऱ्यांनी ते अलीकडे, मधल्या ज्युरासिकपर्यंत किंवा त्याहूनही पुढे ओढलं. खडक तोच, साक्षीदार वेगळे.

*

पक्षी डायनोसॉरांतून आले म्हणतात. मग कोटासॉरस पक्ष्यांचा पूर्वज आहे का? नाही. तो लांब मानेचा, झाडपाला खाणारा सॉरोपॉड. पक्षी निघाले ते थेरोपॉडांच्या शाखेतून, म्हणजे दोन पायांवर चालणाऱ्या, बहुतेक मांसाहारी डायनोसॉरांतून. कोटासॉरस फार तर दूरचा चुलत पणजोबा.

*

कोंबडीचा अख्खा पाय हातात घेऊन पाहावा. नडगीवर खवले, पुढे तीन बोटं, मागे एक, टोकाला नख्या. उलटा वाकणारा सांधा आपण गुडघा समजतो, तो खरं तर घोटा. गुडघा वर, पिसांत दडलेला असतो. म्हणजे कोंबडी टाच उचलून बोटांवर चालते. थेरोपॉडही तसेच चालत.

आता छातीच्या वरचं ते दोन फाट्यांचं बारीक हाड. गळ्याची दोन हाडं, म्हणजे हासळ्या, जुळून ते झालेलं असतं. या एका हाडानं शास्त्रज्ञांना कित्येक वर्षं अडवून धरलं. १८६१ मध्ये जर्मनीत आर्किओप्टेरिक्स सापडला, पिसं पक्ष्याची आणि दात व शेपटी सरड्याची. १८६८ पासून थॉमस हक्सले पक्षी आणि डायनोसॉर यांचं नातं मांडू लागला. पण डेन्मार्कच्या गेऱ्हार्ड हाइलमान यांनी १९२६ च्या इंग्रजी पुस्तकात आक्षेप घेतला: डायनोसॉरांना हासळी नाही, आणि एकदा नाहीसं झालेलं हाड परत उगवत नाही, म्हणून पक्षी त्यांच्यापासून येणं शक्य नाही. तर्क चोख होता. पुढची चार दशकं बहुतेकांनी तो मानला.

हासळी मात्र होती. १९२३ मध्ये मंगोलियातून आणलेल्या ओव्हिरॅप्टरच्या सांगाड्यात ते हाड होतं, १९२४ च्या लेखात त्याचं चित्रही छापलं होतं, फक्त नाव दुसऱ्याच हाडाचं दिलेलं. हाइलमान यांना हवा असलेला पुरावा त्यांच्या पुस्तकाआधी दोन वर्षं छापून तयार होता.

त्याच ओव्हिरॅप्टरला अंडीचोर ठरवलं होतं, कारण तो अंड्यांच्या घरट्यावर सापडला. १९९० च्या दशकात तशाच अंड्यात त्याच कुळातला गर्भ निघाला आणि अंड्यांवर बसलेले प्राणीही मिळाले. ती घरटी त्यांचीच होती.

*

नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या संग्रहालयात १८५५ चा एक नमुना उडता सरडा म्हणून ठेवला होता. १९७० मध्ये जॉन ऑस्ट्रम यांनी तो खिडकीपाशी नेला तेव्हा तिरप्या उजेडात पिसांचे ठसे दिसले, आणि त्यांनी तो आर्किओप्टेरिक्स ठरवला. पक्षी हे डायनोसॉर आहेत हा विचार ऑस्ट्रम यांनीच पुन्हा उभा केला.

*

आता आपल्या घरचं. मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हे.

जीएसआयचे धनंजय मोहबे यांना गुजरातेत ढोली डुंगरी गावापाशी डायनोसॉरच्या अंड्यांसोबत बारीक हाडं मिळाली. १९८७ मध्ये त्यांनी ती अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाची म्हणून प्रसिद्ध केली. अंड्याशेजारी बारकी हाडं, दुसरं कोण काय म्हणणार? पिल्लू तिथं होतंही. २००१ मध्ये मिशिगनचे जेफ्री विल्सन तो दगड पाहत होते. काही मणक्यांमध्ये एकात एक अडकणारा जादा सांधा त्यांना दिसला. असा सांधा सापाचा. पुढे मिशिगनमध्ये तो दगड फार सावकाश साफ केला गेला, आणि फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून बसलेला साप उघड झाला. २०१० मध्ये 'सनाजे इंडिकस' या नावानं तो जाहीर झाला: साप सुमारे साडेतीन मीटर, पिल्लू अर्ध्या मीटरचं, वय अंदाजे ६ कोटी ७० लाख वर्षं. त्या लेखावर मोहबे यांचंही नाव आहे.

यात दोन पायऱ्या आहेत आणि त्या वेगळ्या ठेवायला हव्यात. मणके सापाचे, हे हाडच सांगतं. साप पिल्लाला गिळायला टपला होता, हे आपण सांगतो. त्याला आधार आहे, त्याच ठिकाणी अंड्यांजवळ आणखीही साप सापडले. या सापाचा जबडा अख्खं अंडं गिळण्याइतका उघडत नसे, म्हणून डोळा पिल्लावर असावा. पटण्यासारखं आहे. पण दुसरी पायरी पहिलीइतकी पक्की नाही, आणि बातम्यांत दोन्ही एकाच सुरात छापून येतात.

दगड जपून ठेवला होता आणि दुसऱ्याला पाहू दिला, म्हणून हे झालं. आपल्याकडे नमुने खोक्यांत पडून राहतात, घरटी असलेले खडक खाणीत जातात. फार वाईट वाटतं.

*

शंकर चॅटर्जी हे कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतले. याच प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या बारापासॉरस या सॉरोपॉडाचं १९७५ मध्ये वर्णन करणाऱ्या चौघांतले एक. पुढे टेक्सासला गेले, आणि तिथं १९८३ मध्ये मिळालेल्या हाडांवरून त्यांनी प्रोटोएव्हिस मांडला: पक्षी, आणि तोही सुमारे साडेबावीस कोटी वर्षांपूर्वीचा, आर्किओप्टेरिक्सच्या साडेसात कोटी वर्षं आधीचा. बहुतेक तज्ज्ञांना तो पटला नाही. हाडं चुरगळलेली, विखुरलेली, बहुधा एकाहून अधिक प्राण्यांची, असं त्यांचं म्हणणं. चॅटर्जींचं निरीक्षण हलकं होतं असं मी म्हणणार नाही. एका जागी मिळालेली हाडं एकाच प्राण्याची, हे कशावरून धरायचं, हा प्रश्न मात्र तिथं उभा राहतो. तो कोटासॉरसपाशीही आहेच, पण तिथं एकाच हाडाच्या अनेक प्रती आहेत, म्हणून उत्तर भक्कम आहे.

*

पक्षी-डायनोसॉर नात्यावर शंका घेणाऱ्यांना वेड्यात काढू नये. पक्षीशास्त्रज्ञ अ‍ॅलन फेडुशिया यांनी पंखातल्या बोटांचा मुद्दा लावून धरला: गर्भात पाहिलं तर पक्ष्याची बोटं दुसरं-तिसरं-चौथं दिसतात, थेरोपॉडांची पहिलं-दुसरं-तिसरं. हा पेच खरा आहे आणि त्यावर काम चाललंच आहे. चीनमध्ये १९९६ मध्ये जाहीर झालेल्या सायनोसॉरोप्टेरिक्सच्या अंगावरचे तंतू पिसं नसून कुजलेल्या कातडीचे धागे आहेत, हाही आक्षेप होता. २०१० मध्ये त्या तंतूंत रंगकणांच्या पिशव्या सापडल्या आणि तो बराच लंगडा पडला. नुसती पिसं, नुसती हासळी किंवा नुसता घोटा एवढ्यावर मीही मान डोलावली नसती. घोटा, हासळी, पिसं, अंड्यांवर बसणं, सगळं एकाच बाजूला बोट दाखवतं, म्हणून मी मानतो.

*

२०२२ मध्ये आलेली बातमी. मध्य प्रदेशात बागजवळ टायटॅनोसॉर या सॉरोपॉडाचं अंड्यात अंडं मिळालं. दिल्ली विद्यापीठाच्या हर्षा धीमान आणि गुंटुपल्ली प्रसाद यांच्या चमूनं ते मांडलं. एका कवचाच्या आत दुसरं कवच, असं तोवर फक्त पक्ष्यांत माहीत होतं, कासव-सरड्यांत नाही. कोंबड्या पाळणाऱ्यांना हा प्रकार ठाऊक असतो: तयार अंडं मागे ढकललं जातं आणि त्याच्यावर दुसरं कवच चढतं. टायटॅनोसॉरचा अंडमार्गही पक्ष्यांसारखा भागांत विभागलेला असावा, असा अर्थ लावला आहे. नमुना एकच. दुसरा मिळेपर्यंत मी हे पेन्सिलीनं लिहून ठेवतो.

*

कोटाच्या थरात उद्या पक्ष्याचं हाड निघालं तर? थर आर्किओप्टेरिक्सहून जुने ठरले तर पक्ष्यांचा उगम मागे जाईल. डायनोसॉरांशी नातं तेवढ्यानं तुटणार नाही, कारण थेरोपॉड त्याहूनही जुने आहेत. नातं मोडायला थेरोपॉडांच्याही आधीच्या थरात शाबूत, एकसंध पक्षी मिळाला पाहिजे. असा सांगाडा आजवर कुठंच मिळालेला नाही.