एक सुई, दोन सुया आणि गोदेचं शेवटचं गाव

मैत्रिणींनो, आमच्या घरात दोन पक्ष आहेत. दोन सुयांचा पक्ष माझा आणि एका सुईचा सासूबाईंचा.

परभणीची थंडी तुम्ही वर्तमानपत्रात वाचलीच असेल. दर हिवाळ्यात एकदा तरी आमच्या गावाचा पारा बातमीत येतो. त्यामुळे दिवाळी झाली की माझी लोकरीची पिशवी माळ्यावरून खाली उतरते. शाळेत माझे रोजचे तीनच तास. दुपारी घरी आलं, जेवणं आटोपली, की चहापर्यंतचा वेळ माझा आणि माझ्या सुयांचा. सासूबाईंना मात्र लोकरीचं कौतुक नाही. त्यांच्या हातात क्रोशाची सुई आणि पांढरा दोरा. दारावरचं तोरण, देव्हाऱ्यापुढची झालर, ताटं झाकायचे गोल रुमाल, सगळं त्यांच्या हातचं.

"तुझ्या विणकामात माणूस बांधला जातो बघ," असं त्या म्हणतात. "दारात कुणी आलं तर ओळ संपेपर्यंत उठायची सोय नाही."

"आणि तुमच्या तोरणानं थंडी जाते का?" असं मी म्हणते. हा वाद इतका जुना आहे की मुलंसुद्धा आता त्यात पडत नाहीत.

या वादाचा निकाल लागला तो घरापासून फार लांब, आंध्रातल्या नरसापूर नावाच्या गावात. तीच हकिगत आज तुम्हाला सांगायची आहे.

सासूबाईंचं माहेर गंगाखेड. गोदावरीला त्या गंगाच म्हणतात. त्र्यंबकेश्वरी उगवलेली ही नदी १४६५ किलोमीटर चालून समुद्राला मिळते. "माहेरच्या अंगणातून जाताना रोज पाहिली, सासरी पोचताना एकदा पाहायची आहे," हे त्यांचं कधीचं म्हणणं. नगरसोलहून सुटणारी नरसापूरची गाडी परभणीवरूनच जाते. गेल्या डिसेंबरात मुलांना सुट्टी लागली, यजमान म्हणाले, "मी सांभाळतो दोघांना," आणि आम्ही दोघी निघालो. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, पिशवीत भाच्याचा अर्धा स्वेटर आणि सासूबाईंचा दोरा.

एक दिवस-रात्रीचा प्रवास. विणणारीची खरी परीक्षा गाडीतच होते, हे मला तेव्हा कळलं. माझ्या सुईवर शंभराच्या वर टाके उभे. गाडीनं हिसका दिला, सुई निसटली आणि दोन टाके सुटून शिडीसारखे खाली धावले. ते क्रोशाच्या सुईनं एकेक घर उचलून वर आणले, आणि ती सुई कुणाची, हे सांगायला नकोच! सासूबाईंचं काम निवांत चाललेलं. स्टेशन आलं की सुई फासातून काढायची, फास थोडा सैल ओढून ठेवायचा, चहा घ्यायचा, पुन्हा सुरू.

दोहोंतला फरक हाच आहे. दोन सुयांवर सगळी ओळ एकदम जिवंत असते. क्रोशात कोणत्याही वेळी एकच फास उघडा असतो, बाकीचे सगळे बांधून मागे पडलेले. म्हणून चुकलं तर क्रोशा उसवायला सोपा, जिथे चुकलं तिथेच थांबता येतं. पण दोन सुयांची वीण ताणली जाते, अंगाबरोबर हलते. स्वेटर, मोजे, टोपरं यांना तीच हवी. क्रोशाची वीण आपला आकार धरून राहते, म्हणून तोरण, रुमाल, लेस यांना ती बरी. लोकरीत केलीत तर तेवढ्याच आकाराला लोकर मात्र जास्त खाते.

मनाच्या विश्रांतीचं म्हणाल, तर मला दोन सुयांचं सुलट-उलट बरं वाटतं. साधी वीण बसली की हात आपोआप चालतात, नजर खिडकीबाहेर जाते. सासूबाई म्हणतात, क्रोशात साखळ्या आणि खांब मोजावे लागतात, मोजताना डोक्यात दुसरं काही शिरत नाही, तीच विश्रांती. दोघींचं खरं आहे. डोकं मोकळं सोडायचं असेल तर दोन सुया, डोक्यातली चिंता हुसकायची असेल तर एक.

सिकंदराबादला समोरच्या बाकावर चाळिशीच्या एक बाई येऊन बसल्या. बराच वेळ त्या सासूबाईंच्या हातांकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "लेसु?" आणि हात पुढे केला. सासूबाईंनी सुई दिली. मैत्रिणींनो, असा हात मी आजवर पाहिला नव्हता. सुई दिसतच नव्हती, नुसतं फूल वाढताना दिसत होतं. पाच-सात मिनिटांत तळहाताएवढं चक्र करून त्यांनी ते सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं. त्या नरसापूरच्याच होत्या, लेकीकडून घरी निघालेल्या. मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "आमच्याकडे घरोघरी हेच. या बघायला." आणि कागदावर पत्ता लिहून घेतला.

विजयवाडा मागे पडलं आणि सगळा देखावाच पालटला. आपल्याकडची काळी माती, तूर, कापूस कुठच्या कुठे. दोन्ही बाजूंना कालवे, भाताची हिरवी खाचरं, माशांची तळी आणि बांधाबांधावर नारळ. भीमावरम, पालकोल्लू अशी स्टेशनं गेली आणि नरसापूरला रूळच संपले. वसिष्ठा नावाच्या गोदावरीच्या फाट्यावरचं हे गाव. समुद्र इथून जवळच. गंगाखेडला वाळूतून वाट काढणारी नदी इथे इतकी रुंद, की सासूबाई घाटावर नुसत्या उभ्याच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही त्या बाईंच्या घरी गेलो. ओसरीवर पाच-सहा बायका बसलेल्या. कुणी वांगी चिरून नुकतीच हात धुऊन आलेली, कुणाच्या मांडीवर तान्हं निजलेलं. प्रत्येकीच्या बोटाला दोरा गुंडाळलेला. एकोणिसाव्या शतकात मिशनरी बायकांनी ही कला या भागात आणली. आधी गरीब ख्रिस्ती बायकांत, मग ज्या घरांतल्या बायका कामासाठी उंबरठा ओलांडत नाहीत अशा घरांतही ती पसरली. इथली लेस परदेशी जाते, तिकडच्या जेवणाच्या टेबलांवर अंथरली जाते. नरसापूरच्या क्रोशा लेसला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं.

इतक्या जुन्या कामाला अजून माणसाचाच हात का लागतो, असं तुम्हाला वाटेल. दोन सुयांच्या विणीचं यंत्र केव्हाच निघालं. इंग्लंडात विल्यम ली यांनी मोजे विणायचं यंत्र काढलं ते १५८९ साली. क्रोशाची खरी वीण मात्र आजही हातानंच होते. यंत्रावरचं जे मिळतं ते तिच्यासारखं दिसणारं, इतकंच. मला वाटलं, मग या हातांना केवढी किंमत असेल!

मी आपलं सहज विचारलं, "दिवसातले किती तास हे काम करता?"

त्या बाईंनी इतरांना तेलुगूत विचारलं. सगळ्या हसल्या. उत्तर आलं, "काम नाही हो. घरातलं उरकलं की रिकाम्या वेळात करतो."

रिकामा वेळ! पण थोड्या वेळानं कळलं, की उद्या दलाल माल न्यायला येणार म्हणून कोपऱ्यातली मुलगी आदल्या रात्री बारापर्यंत बसली होती. दोरा दलाल देतो, मजुरी नगामागे. एकीनं फुलंच करायची, दुसरीनं ती जोडायची. मी विचारलं, "एखादा पूर्ण टेबलक्लॉथ बघायला मिळेल?" तर घरात एकही नव्हता. त्यांतल्या दोघींनी तर आयुष्यभर फुलं केली, पण जोडून पूर्ण झालेला नग कधी अंथरलेला पाहिला नव्हता.

मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी याच गावातल्या लेस विणणाऱ्या बायकांवर एक पुस्तक लिहिलं, ते १९८२ साली निघालं. घरी परतल्यावर आमच्या कॉलेजातल्या जुन्या बाईंकडून त्याबद्दल कळलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की या बायकांना कामगार न म्हणता गृहिणी म्हटलं गेलं, त्यांचं विणणं फावल्या वेळातला उद्योग ठरलं, आणि म्हणूनच त्यांना इतकं थोडं देता आलं. ओसरीवरचं ते हसणं मला तेव्हा पुन्हा आठवलं.

निघताना मी बारा रुमालांचा एक संच घ्यायचं ठरवलं. शेजारणीनं स्वतःच्या दोऱ्याचा करून ठेवलेला होता. किंमत ऐकली आणि जन्माची सवय, मी म्हटलं, "थोडं कमी करा ना." सासूबाईंनी माझा हात दाबला. "घासाघीस करू नकोस," असं म्हणून स्वतःच्या बटव्यातून पूर्ण पैसे मोजून दिले. भाजीवालीशी रुपयासाठी वाद घालणाऱ्या माझ्या सासूबाई! मला आश्चर्यच वाटलं.

तिसऱ्या दिवशी नावेनं पलीकडे जाऊन आम्ही अंतर्वेदी गाठली. लक्ष्मीनरसिंहाचं दर्शन घेतलं आणि जिथे गंगा समुद्राला मिळते तिथे वाळूत बसलो. पाणी बघता बघता सासूबाई बोलायला लागल्या.

"बहात्तरच्या दुष्काळात मी तेरा-चौदा वर्षांची होते. दादा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. आई घरी. बाजारातला एक दुकानदार दोरा द्यायचा, त्याच्या लेस विणून द्यायच्या. परकराच्या, पोलक्याच्या बाह्यांच्या. रात्री कंदिलाजवळ आई आणि मी बसायचो. डोळ्यांतून पाणी यायचं. घरातलं मीठ-मिरची, दळण त्या लेसवर चालायचं. पण कुणी विचारलं तर दादा म्हणायचे, ती काय, घरीच असते, बसल्या बसल्या करते काहीतरी."

मी विचारलं, "आई, मग हा क्रोशा तुम्हाला नकोसा नाही झाला?"

"लग्न झाल्यावर पाच-सहा वर्षं हातात धरला नव्हता," त्या म्हणाल्या. "मग तुझ्या यजमानांच्या वेळी बाळंतविड्याला टोपरं केलं. कुणी मागितलं नव्हतं, कुणाला मोजून द्यायचं नव्हतं. तेव्हा पहिल्यांदा वाटलं, हे माझं आहे."

बारा वर्षं आमचा एक सुई की दोन सुया हा वाद चालला होता. त्या दिवशी मला कळलं, की विसावा सुईत नसतोच. विणणं मनात येईल तेव्हा खाली ठेवता आलं तर तो विसावा. ठेवता येत नसेल तर ते काम, मग ते ओसरीवर बसून केलेलं असो की मांडीवर लेकरू घेऊन. आणि काम असेल तर त्याची मजुरी पुरती मिळाली पाहिजे.

म्हणून तुम्हाला थोडं सांगावंसं वाटतं. ज्यांना छंद म्हणून शिकायचं आहे त्यांनी दोन्ही करून पाहावं. दोन सुयांसाठी आठ किंवा नऊ नंबरच्या सुया आणि जाड फिकट लोकर घ्या. गडद रंगात टाके दिसत नाहीत. लक्षात ठेवा, सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. पहिला मफलर करा, गळ्याच्या घटवण्यांच्या भानगडीत पडू नका. क्रोशासाठी आधी लोकरीवरच साखळी आणि खांब शिका, बारीक दोरा नंतर. लोकरीची गुंडी रिकाम्या डब्यात ठेवलीत तर घरभर पळत नाही. आणि अर्ध्या तासानं मान वर करून लांबचं काहीतरी बघा.

दुसरं असं, की प्रदर्शनात हातची लेस घेताना "एवढंसं तर आहे" म्हणू नका. एक फूल स्वतः करून बघा, मग किंमत विचारा.

घरी आल्यावर पंधरा दिवसांनी ओळखीच्या एक बाई आल्या. नातवासाठी स्वेटर, टोपरं, मोजे हवे होते. "लोकर मी आणून देते, तुला काय, दुपारची घरीच असतेस." एरवी मी कौतुकानं हो म्हटलं असतं. या वेळी म्हटलं, "करीन की. वीस-एक दिवस लागतील, मजुरी इतकी होईल." त्या जरा गप्प झाल्या. "विचारून सांगते," म्हणाल्या. अजून आलेल्या नाहीत.

त्या गेल्यावर मला जरा ओशाळल्यासारखं झालं, खोटं कशाला बोलू? सासूबाई तोरणाचे खांब मोजत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बरोबर बोललीस. आता भाच्याचा स्वेटर तरी पुरा कर, थंडी संपत आली. एका सुईवर घेतला असतास तर केव्हाच झाला असता."