बोरगावच्या मातीतली ऊब

मे महिन्यात बोरगावच्या संत्राबागांची काळी माती तडकते. मृग बहार धरायचा म्हणून पाणी तोडलेलं, झाडांना ताण दिलेला. भरदुपारी वरचं ढेकूळ हातात धरवत नाही. फावड्याने वीतभर उकरलं की खालची माती मात्र गार लागते.

एवढं ऊन वरच्या वर अडवते ती हवा. वाळलेल्या कणाकणांत, भेगाभेगांत तीच भरलेली असते, आणि तिच्यापेक्षा पाणी सुमारे चोवीसपट सहज उष्णता पुढे नेतं. म्हणून कोरडी जमीन दिवसा पोळते आणि रात्री लवकर निवते.

मृगाची सर आली की ओल कणांना जोडते आणि उष्णतेला वाट मिळते. पण पाणी फार झालं तर तेच तापायला वेळ घेतं: 1 लिटर पाणी 1 अंशाने तापवायला 4.2 किलोज्यूल लागतात, तेवढ्याच हवेला जेमतेम 1.2 ज्यूल. बाष्पीभवनही उष्णता ओढून घेतं. चिबडलेलं रान त्यामुळे थंड राहतं. वाफशावर आलेल्या जमिनीत मात्र ऊब झपाट्याने खाली उतरते. पऱ्हाटीची टोबणी वाफशावर साधते, त्यात या उबेचाही वाटा आहे.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट घडते. ओलसर मातीच्या तापलेल्या बाजूला पाण्याची वाफ होते, ती गार बाजूला सरकते, तिथे पुन्हा पाणी होऊन सोबतची उष्णता सोडते. माती जितकी तापलेली, तितकी ही ने-आण जोरात. ओल तेवढीच असली तरी उन्हाळ्यातली माती हिवाळ्यातल्या मातीहून जास्त उष्णता वाहते.

मातीच्या या उबेचाही अभ्यास करणाऱ्या कृषी-हवामानशास्त्राचं भारतातलं संघटित काम 1932 मध्ये पुण्यात, डॉ. एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालं. कृषी वेधशाळांत आजही 5, 10 आणि 20 सेंटिमीटर खोलीवर तापमापक पुरलेले असतात. दुपारचा कडाका 10 सेंटिमीटरवर पोचायला तीन-चार तास लागू शकतात, तोही बराच मवाळ होऊन. वर्षाची, म्हणजे ऋतूंची उष्णता मात्र दिवसाच्या उष्णतेपेक्षा सुमारे 19 पट खोल जाते.

हिवाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याला गारठा पडला की हेच गणित बागेच्या कामी येतं. थंडीची लाट येण्याआधी हलकं ओलित केलेली जमीन दिवसाचं ऊन साठवते आणि रात्रभर खालून वर सोडत राहते, कोवळ्या फुटीला तेवढा आधार मिळतो. पाणी द्यायचं ते दुहेरी आळ्यातून, बुंधा कोरडा ठेवून. नाहीतर थंडीतून वाचलेलं झाड डिंक्या रोगाच्या तावडीत सापडतं.