पाणी सोडून मुक्काम

चैत्र लागला की धाम नदी सलग राहत नाही. महाकाळी धरणाच्या वरच्या अंगाला, कारंजा-आर्वीकडच्या टेकड्यांत, तिचे फक्त डोह उरतात. मधल्या पात्रात काळे गोटे आणि त्यावर सागाची वाळकी पानं, जी पायाखालून सटकतात. हिमालयात उन्हाळ्याच्या तोंडाशी नदीकाठानं चालणारे लोक पाण्याला भितात. दुपारी बर्फ वितळून ओढे चढतात, म्हणून ते सकाळीच ओलांडून घ्यायचे. इथे नदी ओलांडायची काळजी नाही, ती सापडण्याची काळजी. पहाटे निघायचा नियम मात्र दोन्हीकडे सारखाच.

नकाशावरची निळी रेघ या दिवसांत कामाची नाही. वाचायचा तो दगड. या टेकड्या लाव्ह्याच्या थरांच्या. टणक थरात पाणी शिरत नाही. भेगाळलेल्या, कुजलेल्या थरात मुरतं आणि दोन थरांच्या सांध्याला झिरपून बाहेर येतं. पात्रात जिथे पायरी पडते तिथे पावसाळी लोंढ्यानं खळगा कोरलेला असतो, आणि सांधा नेमका त्याच उंचीला आला तर तो डोह वैशाखातही आटत नाही. लांबून झाडं सांगतात. साग उघडाबोडका झालेला असताना खाली कहू (पुस्तकातला अर्जुन), जांभूळ आणि करंज हिरवे दिसतात. एकटा कहू दिसला म्हणून मी कधी हुरळत नाही. त्याची मुळं माझ्या बाटलीपेक्षा खोल जातात. कहूची रांग असेल, शेजारी जांभूळ असेल, तर उतरून बघावं.

वाट शोधायची नसते, ती गवळाऊ गाईंनी पाडून ठेवलेली आहे. पांढरी, हलक्या अंगाची, चपळ चालीची ही जात याच भागातली. नंद गवळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली. जंगलात चरायला जाणारं जनावर उगाच चढत नाही. टेकडीच्या कमरेनं आडवं जातं आणि पाण्यापाशीच खाली वळतं. खुरांच्या वाटा जिथे एकमेकींना मिळून रुंद होतात, तिथून खाली डोह असणारच. हातातल्या यंत्रापेक्षा मी यावर जास्त विसंबतो.

आता मुक्काम. गिर्यारोहणाच्या पुस्तकांत तंबू पाण्याजवळ लावा म्हणतात. एका संध्याकाळी डोहाच्या काठी सपाट खडक बघून मी पाठीवरचं ओझं उतरवत होतो, तेव्हा घराकडे निघालेला ढोरकी थांबला. ‘पान्यापासी नोका झोपू जी,’ तो म्हणाला. ‘दिवसा पानी आपलं. रातच्याले त्यायचं.’ त्यायचं म्हणजे कोणाचं, हे विचारायची गरज नव्हती. मोहफुलं पडायच्या दिवसांत अस्वल रात्रभर फिरतं आणि मग तहान भागवायला येतं. बिबट येतो, रानडुकरं येतात. बोरचं जंगल जवळ असल्यामुळे वाघाचाही नेम नाही. कोसभरात दुसरं पाणी नसेल, तर तुमचा तंबू म्हणजे बंद केलेली पाणपोई. शिवाय काळा दगड दिवसभर प्यालेलं ऊन रात्री बाहेर टाकतो. त्यावर झोप येत नाही ती नाहीच.

म्हणून उजेड असतानाच पाणी भरून घ्यायचं, आणि वर, शेताच्या धुऱ्यापाशी किंवा सरळ गावात जायचं. पाच लिटर म्हणजे पाच किलो. चढावर खांदे कुरकुरतात. ते वजन कमी करायला बाकीचं सामान निम्मं करावं. जंगलात चूल पेटवायची नाही, कारण वाळक्या पानांत एक ठिणगी पुरते आणि वणवा टेकडी ओलांडून जातो. सातूचं पीठ, गूळ, शेंगदाणे, कांदा, मीठ, एवढ्यावर भागतं. दहा वाजता थांबायचं आणि पाचपर्यंत हलायचं नाही. ही सात तासांची बैठक नवख्यांना चालण्यापेक्षा जड जाते. त्यांना वाटतं, वेळ वाया जातोय.

बोरच्या अभयारण्यात, २०१४ पासूनच्या व्याघ्र प्रकल्पात, पायी फिरायची मुभा नाही आणि नसावीच. बाहेरच्या जंगलातही वनखात्याला विचारून, गावकऱ्यांच्या वहिवाटेनंच जावं.

धरणाखाली नदी उलटी वागते. वरच्या बाजूला खडखडाट, आणि इथे भर उन्हाळ्यात वर्धा शहरासाठी सोडलेलं पाणी गोट्यांवरून खळाळत येळाकेळीकडे निघालेलं. पुढे पवनार. तिथल्या आश्रमातून विनोबा १९५१ च्या मार्चमध्ये पायी निघाले आणि जवळपास महिनाभर चालत हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला पोचले. त्यानंतर एप्रिलमध्ये पोचमपल्लीला भूदान सुरू झालं, म्हणून ती यात्रा लोकांच्या लक्षात राहिली. मला चालणारा म्हणून तिच्यातला महिना दिसतो. विदर्भ-तेलंगणाचं तापत जाणारं ऊन, आणि मुक्कामाला गावं. नदीकाठच्या एकांताची हौस असलेल्या मुलांना मी हे सांगतो तेव्हा त्यांचे चेहरे पडतात; त्यांना डोहाकाठचा तंबू हवा असतो, फोटोत तोच चांगला येतो. मी त्यांना सकाळी डोहावर नेतो आणि काठच्या ओल्या मातीतले ठसे मोजायला लावतो.