आपल्या गल्लीचा नकाशा

वाचकहो, पत्ता सांगण्याची आपली जुनी रीत आठवून पाहा. "मारुतीच्या देवळावरून डावीकडे वळा, पाणपोई लागली की समोरच्या बोळात शिरा, पिंपळापलीकडचे घर आमचे." या एवढ्याशा बोलण्यात एक लहानसा नकाशाच असतो, आणि त्या गल्लीत राहणाऱ्यावाचून दुसऱ्या कोणास तो काढता येत नाही. पिण्याचे पाणी कोठे मिळते, पावसाळ्यात कोणता रस्ता बुडतो, कोणत्या दवाखान्याला पायऱ्या आहेत व कोणत्याला उतार, हे घरातील माणसांना तोंडपाठ असते. अडचण एवढीच, की हे ज्ञान तोंडीच राहते. ते नोंदवून सर्वांच्या उपयोगी आणण्याची एक व्यवस्था आज उपलब्ध आहे. तिच्याविषयी आपल्याशी चार शब्द बोलावेत, हा या लेखाचा हेतू.

या व्यवस्थेचे नाव 'ओपनस्ट्रीटमॅप'. इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ साली ती सुरू केली. तेथील सरकारी सर्वेक्षणाचे नकाशे उत्तम होते. परंतु त्यांमागील माहिती वापरण्यास शुल्क व कडक अटी होत्या. तेव्हा लोकांनीच आपापल्या भागाची पाहणी करून सर्वांच्या मालकीचा एक नकाशा का तयार करू नये, असा विचार पुढे आला. विकिपीडिया हा ज्ञानकोश जसा वाचकच लिहितात, तसा हा नकाशा त्याचे वापरणारेच काढतात. २०१२ पासून त्यातील माहिती एका खुल्या परवान्याखाली दिली जाते. ती कोणीही विनामूल्य घ्यावी, छापावी, तिच्यावर व्यवसायही उभारावा. मात्र योगदान देणाऱ्यांना श्रेय द्यावे, आणि तीत भर घालून ती प्रसिद्ध केल्यास ती भरही त्याच अटींवर सर्वांना खुली ठेवावी.

हे काम चालते कसे, असे आपण विचाराल. उपग्रहातून किंवा विमानातून घेतलेले छायाचित्र संगणकाच्या पडद्यावर उघडावयाचे आणि त्यावर रस्त्याची रेघ, इमारतीची आकृती, विहिरीचा ठिपका काढावयाचा. परंतु छायाचित्रात रस्ता दिसतो, त्याचे नाव दिसत नाही. इमारत दिसते, ती शाळा आहे की गोदाम हे कळत नाही. तेवढ्यासाठी पायीच जावे लागते. येथे एक नियम कसोशीने पाळला जातो: ज्यांनी तशी मुभा दिलेली नाही, अशा दुसऱ्या नकाशांवरून काहीही उतरवून घ्यावयाचे नाही. माझा व्यवसाय अनुवादाचा. एका अनुवादावरून दुसरा अनुवाद केला म्हणजे मुळातील कितीतरी गोष्टी वाटेत सांडतात, हा माझा रोजचा अनुभव आहे. नकाशा हाही एक अनुवादच होय. त्याची मूळ संहिता म्हणजे जमीन. म्हणून ज्याला जमीन वाचता येते, त्याला या कामाचा अधिकार आपोआपच मिळतो.

मी या कामाकडे वळलो तो मात्र छंद म्हणून नव्हे. आमची वसाहत दिल्लीत आहे. येथील अनेक वसाहतींप्रमाणे तिलाही फाटके आहेत. ती चार आहेत, आणि रात्री अकरानंतर त्यांपैकी तीन बंद होतात. काही वर्षांपूर्वी जानेवारीतील एका रात्री शेजारच्या वृद्ध बाईंना, ज्यांना आम्ही सारे माताजी म्हणतो, श्वास घेणे कठीण होऊ लागले. रुग्णवाहिका बोलावली. चालकाच्या फोनमधील नकाशाने त्याला जवळच्या वाटेने आणले, आणि ती वाट एका कुलूपबंद फाटकाशी संपली. दुसऱ्या फाटकाशीही तोच प्रकार. गच्चीवरून गाडीचा दिवा दिसत होता. पण ती दाराशी येण्यास वीस मिनिटे गेली. माताजी त्या दुखण्यातून उठल्या. परंतु ती वीस मिनिटे आमच्यापैकी कोणी विसरले नाही.

पुढच्याच रविवारी आम्ही पाच-सहा शेजारी आणि शाळेत जाणारी दोन मुले वही घेऊन निघालो. प्रत्येक फाटक कोठे आहे, त्यातून वाहन जाते की केवळ माणूस, ते कोणत्या वेळी उघडे असते, हे आम्ही टिपले व संध्याकाळी या नकाशात भरले. त्या चालकाची भिस्त ज्या नकाशावर होती तो हा नव्हे, आणि सर्व चालक उद्या हाच वापरू लागतील असेही नाही. पण हा नकाशा छापून घेण्यास आम्हाला कोणाची परवानगी मागावी लागली नाही. खाली श्रेयाची एक ओळ लिहिली की पुरे. रात्री उघड्या असणाऱ्या फाटकावर तांबडी खूण करून त्याची प्रत घरोघरी दिली, एक पहारेकऱ्याच्या खोलीत लावली. आता रुग्णवाहिकेला फोन करणारा प्रथम त्या फाटकाचा ठावठिकाणा सांगतो.

आमचे काम एका वसाहतीपुरते. पण याच रीतीने फार मोठी कामेही झाली आहेत. १२ जानेवारी २०१० रोजी हैती देशात भीषण भूकंप झाला, तेव्हा त्याच्या राजधानीचा पुरेसा तपशीलवार नकाशा मदतपथकांच्या हाती नव्हता. जगभरातील स्वयंसेवकांनी आपापल्या घरी बसून उपग्रहचित्रांवरून तो काही दिवसांत काढला आणि पथकांनी तो वापरला. आपल्या शेजारच्या नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ रोजी भूकंप झाला. तेथील तरुणांनी मात्र काठमांडू खोऱ्यातील शाळा व रुग्णालये आधीच्या वर्षांतच नोंदवून ठेवली होती. ती पूर्वतयारी संकटकाळी कामी आली.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांस एक विशेष विनंती. या नकाशात प्रत्येक स्थळाला स्थानिक प्रचारातील नावाचे मुख्य स्थान असते, आणि इतर प्रत्येक भाषेतील नावासाठी वेगळे. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, तंजावर ही आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडची नावे तेथे मराठी म्हणून नोंदवता येतात. त्यासाठी गुजराती, हिंदी वा तमिळ नावाला जागेवरून उठवावे लागत नाही.

काही पथ्ये अवश्य पाळावीत. घरात कोण राहतो हे लिहू नये. ऐकीव माहिती भरू नये. आपल्या देशात १५ फेब्रुवारी २०२१ रोजी जाहीर झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय नागरिकांना नकाशाचे काम पुष्कळ मोकळे करून दिले आहे. तथापि सुरक्षेच्या दृष्टीने वर्ज्य ठरवलेल्या बाबींना हात लावू नये. कोणी चुकीचे भरले, तर प्रत्येक बदलाची नोंद राहत असल्याने दुसऱ्यास ते दुरुस्त करता येते.

संगणकाची सवय नसलेल्यांनीही मागे राहण्याचे कारण नाही. 'स्ट्रीटकम्प्लीट' नावाचे एक विनामूल्य साधन अँड्रॉइड फोनवर मिळते. आपण चालत असता ते साधे प्रश्न विचारते: या रस्त्यावर दिवे आहेत काय? रस्ता डांबरी की मातीचा? त्यांची उत्तरे आपल्या घरातील दहा वर्षांची मुलगीही देऊ शकेल. येत्या रविवारी तिला बरोबर घेऊन निघा. आपल्या वसाहतीला फाटक असेल, तर आरंभ तेथूनच करा.