सलामाशिवाय आलेला कान

आमचा भाचा शाळेतून आला की दप्तर टाकतो आणि कपाटावरच्या स्पीकरला नावाने हाक मारून इंग्रजीत हुकूम सोडतो. टीव्हीखालचा गेम कन्सोल जागा होतो. मगरिबची अजान झाली की अम्मी नुसती खूण करते. भाचा दोन शब्द बोलतो आणि आवाज बंद होतो. खेळायला मात्र कंट्रोलर हातात घ्यावाच लागतो. तोंडाने होते ते चालू-बंद, आवाज कमी-जास्त, असे वरवरचे काम.

अम्मीने एकदा विचारले, "हाक मारली की याला ऐकू येते, म्हणजे हा सारखा ऐकतच बसलेला असतो ना?"

प्रश्न अडाणी नव्हता. २०१३ साली मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन जाहीर केला, तेव्हा कॅमेरा व माइक असलेले कायनेक्ट त्याला कायम जोडलेले असण्याची सक्ती होती. लोक बिथरले आणि त्याच वर्षी सक्ती मागे घ्यावी लागली. २०१७ मध्ये कायनेक्टचे उत्पादनही थांबले. पण २०१८ पासून तसेच हुकूम अलेक्सामार्फत, पुढच्या वर्षी गुगल असिस्टंटमार्फत देता येऊ लागले. असा स्पीकर आपल्या नावाची वाट पाहत असतो. नाव ऐकले की पुढचे बोलणे इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकाकडे जाते आणि तिथून आदेश कन्सोलपर्यंत येतो. ऑगस्ट २०१९ मध्ये तर बातमी आली, की एक्सबॉक्सवर मुद्रित झालेले लोकांचे बोलणे कंत्राटी कामगार ऐकत होते. त्यात हाक न मारता, चुकून मुद्रित झालेलेही होते.

दुसऱ्याच्या घरात इजाजत घेऊन, सलाम करून शिरावे, ही सूरह नूरची शिकवण. सूरह हुजुरातमध्ये दुसऱ्याची टोह घेण्याला मनाई आहे. आमच्या बैठकीत बायका मोकळेपणी बोलतात. कुणाच्या मुलीचे स्थळ, कुणाच्या डोक्यावरचे कर्ज. बैठकीतली गोष्ट अमानत असते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ती अमानत या कानाला कोण समजावणार?

यंत्र वाईट नाही. ज्याचे हात साथ देत नाहीत, त्याला ही सोय मोठा आधार आहे. शिवाय स्पीकरवर माइक बंद करण्याचे बटण असते. आमच्याकडे ते आता खेळापुरतेच उघडते. घरात कुणी आले की अम्मी चहा ठेवते आणि भाचा न सांगता उठून बटण दाबतो. हुकूम द्यायला त्याला कुणी शिकवावे लागले नाही. इजाजतीचा अदब मात्र घरालाच शिकवावा लागला.