मेडिकलवर काय सांगायचे?

आमच्याकडे दिवस गेल्याची बातमी तीन महिने घराबाहेर जात नाही. नजर लागेल, आधी पोट ठरू द्या, असे मोठी माणसे म्हणतात. आम्ही तिघी जावा भोकरदन तालुक्यातल्या गावात एकत्र नांदतो आणि तिघींच्याही वेळी हेच झाले. शेजारणीला सांगू नका, एवढ्यापुरते ते ठीक आहे. पण डॉक्टर आणि मेडिकलवाला शेजारणीत मोडत नाहीत. बाळाचे हृदय, मेंदू, हातपाय घडतात ते याच तीन महिन्यांत, आणि औषधाचा वाईट परिणाम व्हायचा तर बहुतेक वेळा याच काळात होतो. लग्नाआधी मुरमांसाठी सुरू केलेली आयसोट्रेटिनोइनची गोळी एखादी नवी नवरी तशीच घेत राहिली, तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकते. तिला दिवस गेलेत हे गोळी देणाऱ्याला माहीतच नसले, तर तो तिला थांबवणार कसा?

तीन महिन्यांनंतर लपवालपवी संपते, शरम मात्र संपत नाही. मागच्या वर्षी धाकटीला सहावा महिना होता. कापूस वेचणीचे दिवस, घरात गड्यांचा स्वयंपाक, आणि तिची कंबर धरलेली. दीराला मेडिकलवर पाठवले. तो सतरा वर्षांचा. “कंबरदुखीची गोळी द्या,” एवढेच तो म्हणाला. कुणासाठी, हे त्यानेही विचारले नाही. मोठीने पाकीट उलटून बारीक अक्षरे वाचली तर पॅरासिटामॉलच्या जोडीला अॅसिक्लोफिनॅक होते. पाकिटावर लाल उभी रेषही होती, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही असे औषध. आशाताईंना विचारले. त्यांनी ते बाजूला ठेवायला लावले आणि धाकटीला डॉक्टरांकडे पाठवले. दीराला विचारले तर म्हणतो, “भाभी, तिथं माणसं उभी असतात, मी कसं सांगू?”

ही जोडगोळी फार फसवी असते. पॅरासिटामॉल गरोदरपणात डॉक्टरांना विचारून, गरजेपुरते चालते, हे बायकांनी ऐकलेले असते. पाकिटावर तेच नाव वाचून त्या निर्धास्त होतात. शेजारचे दुसरे नाव कुणी वाचत नाही. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, अॅसिक्लोफिनॅक ही सगळी एकाच कुळातली. विसाव्या आठवड्यानंतर या कुळातली औषधे घेतल्यास बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन पोटातले पाणी कमी होऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली दिला. शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद होण्याचाही धोका असतो.

त्या दिवसापासून आम्ही दीराच्या हाती चिठ्ठी देतो. कितवा महिना, कोणत्या गोळ्या चालू आहेत, दुसरा काही आजार आहे का, एवढेच लिहायचे. बोलायची शरम वाटते ना, मग कागद दाखव.

पण भीतीचेही टोक गाठू नये. नात्यातल्या एका मुलीला मिरगी आहे. दिवस गेल्याचे कळताच सासरच्यांनी तिच्या गोळ्या बंद केल्या आणि आठवडाभरात ती चुलीजवळ फिट येऊन पडली. अल्लाहने वाचवले. मिरगीवरचे व्हॅल्प्रोएट बाळाच्या मेंदूला आणि कण्याला घातक ठरू शकते हे खरे, पण ते बदलायचे काम डॉक्टरांचे, आणि शक्यतो दिवस जाण्याआधीचे. थायरॉइड, दमा, बीपी, साखर, कुठलीच गोळी घरच्या घरी बंद करू नये. काही बायकांना डॉक्टर मुद्दाम कमी ताकदीची अॅस्पिरिन देतात, बीपी वाढू नये म्हणून. तीही वेदनाशामकच, म्हणून कुणी फेकून देऊ नये.

सरकारी दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्यांचे तर हालच. बाळ काळे होते म्हणून त्या उशीखाली जातात. शौच काळे होते, बाळ नाही. चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज एक, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. चहाबरोबर घेऊ नये, कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी घ्यावी. रमजानमध्ये इफ्तारीच्या चहाबरोबर सगळ्या गोळ्या एकदम गिळणाऱ्या बायका आम्ही पाहिल्या आहेत. गरोदर बाईला रोज्याची सवलत आहे. तरी कुणाला ठेवायचाच असेल तर आधी डॉक्टरांकडून गोळ्यांच्या वेळा ठरवून घ्याव्यात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथे हे विचारता येते.

राहिली अम्मींची डबी. ताकद येते म्हणून एका हकीमाकडून आणलेला कुश्ता त्यात आहे. कुश्ता म्हणजे धातूचे भस्म, आणि त्यात शिसे, पारा असू शकतो. शिसे तर आईच्या रक्तातून थेट बाळापर्यंत पोहोचते. मुलगा होण्याची पुडी आणा, असेही एका पाहुणीने सुचवले होते. तिला अम्मींनीच गप्प केले, “देणारा अल्लाह आहे, पुडीवाला नाही.” कुश्त्याच्या बाबतीत मात्र त्या अजून ऐकत नाहीत, आणि आम्हीही त्यांच्याशी वाद घातला नाही. डबी कपाटाच्या वरच्या खणात आहे. किल्ली मोठीकडे.