चौकाबाहेरची नावं

डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यांवर लग्न ठरलं की आधी भिंत तयार होते. कारवीच्या कुडावर शेणमातीचा हात फिरतो, त्यावर गेरू चढतो, आणि तो वाळला की तांदळाचं पीठ पाण्यात कालवलं जातं. सवासिनी बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ करतात आणि चौक, म्हणजे लग्नाचं चौकटीतलं चित्र, लिहायला बसतात. मधोमध पालघट देवी, भोवती नक्षीच्या पट्ट्यांवर पट्ट्या, कडेला सूर्य, चंद्र, फणी, शिडी. एकीचा हात थांबला की दुसरीचा सुरू होतो, आणि हात चालू असेपर्यंत गाणंही चालू असतं.

लग्न लावते ती धवलेरी. इथे लग्नाला भटजी लागत नाही, बाई लागते, आणि तिला गाणी यावी लागतात. एक-दोन नव्हे, रात्र पुरेल एवढी. नवरी सासरी निघते त्याची गाणी, धान्य घरी येतं त्याची, धान्यदेवता कणसरीची, देवांची. ही गाणी कुठल्या वहीत नसतात; एका धवलेरीच्या मागे बसून दुसरी ती उचलते. गाणं नवरीचं असतं, पण गाणारीनेही कधी काळी आईचं दार सोडलेलं असतं, आणि आवाज जिथे जड होतो तिथे ऐकणाऱ्या बायकांना कळतं की आता ही स्वतःचं सांगते आहे. आपल्या आयुष्याबद्दल बोलायची याहून सभ्य आणि याहून धीट रीत मला ठाऊक नाही.

चौकाखाली नाव नसतं. त्याची गरजही नव्हती. कुणाची रेघ कशी उतरते हे पाड्यावर सगळ्यांना माहीत असायचं, आणि पुढच्या लग्नाला त्याच भिंतीवर पुन्हा सारवण फिरायचं. नाव नसल्याची खंत सुरू झाली ती चित्र कागदावर आल्यावर. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला हस्तकला मंडळाकडून भास्कर कुलकर्णी इथे आले. बिहारमध्ये मधुबनीच्या बायकांच्या हातची भिंतचित्रं त्यांनी त्याआधीच कागदावर आणवली होती. इथेही त्यांनी कागद वाटले. पुढे जगाने जे नाव घेतलं ते गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांचं: १९७६मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, २०११मध्ये पद्मश्री. हा मान त्यांचा होताच. लहानपणी आई गेली, तेव्हा त्यांनी बोलणं सोडलं होतं आणि धुळीत रेघा ओढून ते मनातलं सांगायचे, असं सांगतात. आईविना वाढलेल्या त्या मुलाने बायकांच्या कलेत आपली वाचा शोधली, ही गोष्ट मला नेहमीच हलवून जाते. पण कागद घरात आला, पैसा आला, शहराचा रस्ता आला, तशी सहीची जागा बहुतेक घरांत पुरुषाकडे गेली. बाई मात्र गेरू कालवत राहिली, आकृत्या भरत राहिली.

आणि ज्या लग्नासाठी हा चौक लिहिला जायचा, ते लग्न पूर्वी कसल्या किमतीला व्हायचं हेही सांगायला हवं. वारल्याला लग्नासाठी जमीनदार-सावकाराकडे हात पसरावा लागे. घेतलेलं कर्ज फिटेपर्यंत नवरा आणि बायको दोघांनी त्याच्या शेतावर, त्याच्या घरी राबायचं. याला लग्नगडी म्हणत. कर्ज फिटत नसे. माणूस संपे, कर्ज मुलावर येई. बाईच्या वाट्याला याशिवाय आणखी जे येई, त्याची दाद मागायला जागाच नव्हती, कारण तिच्या देहावरही मालक आपला हक्क समजे. म्हणजे भिंतीवर पालघट उमटत होती त्याच दिवशी घरात गुलामी पाऊल टाकत होती. तरी बायकांनी चौक सोडला नाही. रेघ वाकडी होऊ दिली नाही. फणी, शिडी, चंद्र, सूर्य सगळं जिथल्या तिथे काढलं. आशा कशाला म्हणायचं हे मला या भिंतींकडे पाहिल्यावर थोडंफार समजतं.

हे सगळं बाहेरच्या जगाला कळलं ते एका बाईने बसून ऐकलं म्हणून. गोदावरी परुळेकर, इथल्या लोकांच्या गोदूताई, पुण्याच्या गोखल्यांच्या घरातल्या, कायद्याची पदवी घेतलेल्या. १९४५मध्ये त्या आणि त्यांचे पती शामराव परुळेकर या भागात किसान सभेचं काम करू लागले. पाड्यामागून पाडा पायी तुडवायचा, मिळेल ते खायचं, झोपडीत झोपायचं. माणसं आधी बोलत नसत. बायका तर मुळीच नाहीत. भीती एवढी की नव्या माणसाची चाहूल लागली तरी झोपडी गप्प व्हायची. ती भीती ओसरेपर्यंत थांबणं हेच त्यांचं पहिलं काम होतं. २३ मे १९४५ला झरी गावात परिषद भरली. आज तलासरी तालुक्यात असलेलं झरी तेव्हा उंबरगाव तालुक्यात होतं. हजारो वारली आले. वेठ करायची नाही, मजुरी रोख घ्यायची, असं ठरलं, आणि लग्नगड्यांच्या बेड्या तुटू लागल्या. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळ्या घातल्या. जेठ्या गांगड आणि त्यांचे चार साथी गेले. लोक मागे हटले नाहीत. गोदूताईंनी हे सारं ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहिलं. १९७०मध्ये आलेल्या त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मी ते चळवळीचा इतिहास म्हणून वाचायला घेतलं होतं. वाचता वाचता ते माझ्यासाठी बायकांनी सांगितलेल्या आणि एका बाईने मनात जपून ठेवलेल्या दुःखाचं पुस्तक झालं.

त्याच १९४५च्या अखेरीस, झरीपासून फार लांब नसलेल्या बोर्डीच्या किनाऱ्यावर आणखी दोघी आल्या. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. अनुताई मूळच्या मोरगावच्या. तेराव्या वर्षी लग्न, आणि सहा महिन्यांत वैधव्य. त्या काळात अशा मुलीचं आयुष्य तिथेच संपलं असं धरत. त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, पुण्यात हुजूरपागेत शिकवू लागल्या, आणि स्थिरावलेलं ते जगणं सोडून इथे आल्या. दोघींनी बालवाडी मुलांच्या अंगणात नेली. माँटेसरीची महागडी साधनं कुठून आणणार? मग शंख-शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं झाली. १९५७मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची, हे कुरणशाळेचं शहाणपण त्या टेकडीवरचं. अनुताईंनी आपली हकिगत ‘कोसबाडच्या टेकडीवरून’मध्ये लिहिली, आणि १९९२मध्ये जाईपर्यंत त्यांनी ते काम सोडलं नाही. स्वतःचं बालपण ज्या बाईकडून हिसकावून घेतलं गेलं, तिने शेकडो परक्या मुलांना बालपण दिलं. याला मी प्रतिभाच म्हणेन. वहीत किंवा भिंतीवर दिसते तेवढीच प्रतिभा असते, असं मला वाटत नाही.

अशी प्रतिभा रोजच्या स्वयंपाकातही असते. पहिल्या पावसानंतर इथल्या रस्त्यांच्या कडेला बायका शेवळांच्या, एका रानभाजीच्या, जुड्या घेऊन बसतात. शेवळं घशाला खाजतात, म्हणून शेजारी काकडांचा वाटा असतोच. ती आंबट फळं रसात गेली की खाज मोडते. कडूकंदाच्या चकत्या उकडून वाहत्या पाण्यात किती वेळ ठेवायच्या, कुठलं पान कधी तोडायचं, हे आईकडून मुलीकडे आलेलं. उपासमारीच्या वर्षांत याच ज्ञानाने घरं जगवली. आजही दिवाळी सरली की कितीतरी घरं कामासाठी वीटभट्ट्यांवर निघून जातात. ज्या बायका मागे राहतात त्यांतल्या अनेक जणी पहाटे डबा बांधून डहाणूच्या फुग्यांच्या कारखान्यांकडे किंवा सीमेपलीकडे गुजरातमधल्या कारखान्यांकडे निघतात.

चित्रंही बदलली. तारपा हे वाद्य वाजवणाऱ्याभोवतीच्या नाचाशेजारी आता आगगाडी येते, मोटार येते, विजेचे खांब येतात. अनेक जणी आपल्या नावाने चित्रं काढू लागल्या आहेत, गटाने बसून साड्यांवर, पिशव्यांवर, शहरातल्या भिंतींवर. तुम्ही कधी यांतलं काही विकत घेतलंत, तर खाली सही कुणाची आहे ते बघा. नसेल तर विचारा, आणि ते नाव तिथेच, पैसे देण्याआधी, चित्रावर लिहून घ्या. जिने चित्र काढलं तिला अक्षर येत नसेल, तर तिची शाळेत जाणारी मुलगी जवळच असेल. तिच्याकडून लिहून घ्या.